खोका क्रमांक एकशे सतरा

एकतीस वर्षं चिठ्ठ्यांवर मीच लिहीत आलो,
'तालुका सिरोंचा. लाल माती. बरगडी, बहुधा डावी.'
डिंक लावला, चिकटवल्या,
दर शनिवारी मऊ ब्रशनं धूळ झाडली,
आणि पोरीनं विचारलं तेव्हा नकाशावर बोट ठेवलं:
हे बघ, इथं, जिथं कागद संपतो.

निवृत्त झालो, चौथ्या महिन्यात एसटीत बसलो.
आलापल्लीला चहा. पुढं साग, साग, साग,
मग झाडं एकदम हात आखडता घेतात
आणि भाकरीचा पापुद्रा सुटावा
तशी माती थराथरानं सुटलेली,
वर पिवळी, खाली तांबडी,
त्याखाली वांग्याच्या सालीच्या रंगाची.
चिठ्ठीवर मी या सगळ्याला 'लाल' लिहीत होतो.

दसरू पुंगाटी पुढं, मी मागं.
"पाय आडवा टाका सर.
इथं माती माणसाला धरत नाही."
घळीच्या तळाशी एक झाड आडवं पडलेलं,
दम लागला म्हणून बसलो त्यावर,
तर गार. तर दगड.
गाठ जागेवर, साल जागेवर,
दसरूच्या आज्याची कुऱ्हाड बोथट झाली होती
त्याची खूणसुद्धा जागेवर.

वर मोहाखाली बिज्जे बसली होती.
तुंब्यातून अंबील ओतली, पिऊ दिली,
मग माडियात काहीतरी लांबलचक बोलली.
दसरू माझ्याकडे न बघता म्हणाला,
"विचारते, आमचं हाड कुठंय?"

ती तेव्हा आठ वर्षांची.
बंडी तिच्या बापाची, बैलही त्याचेच.
चुन्यात भिजवलेल्या पट्ट्या गुंडाळल्या हाडाला,
खाली गवत अंथरलं, बाळंतिणीला नेतात तसं,
आणि नेलं.
भाडं रोख मिळालं. बाप घरी आला,
पैसे शिंक्यात टाकले, जेवला नाही.
मेलेलं कुणीतरी गावातून निघून गेलं होतं
आणि गाव रडलं नव्हतं.

मग गायता बसला, चार म्हातारे बसले.
वाटेच्या कडेला, जिथं त्यांच्या माणसांचे दगड उभे,
तिथं त्याचाही एक उभा करायचा ठरला.
नाव माहीत नाही, कूळ माहीत नाही.
उंची किती धरायची?
कुणीतरी म्हणालं, बैलाएवढी धरा.

"केवढं होतं ते?" बिज्जेनं विचारलं.
मी हात पसरले. पुरले नाहीत.
मग मोहापासून पावलं टाकत निघालो,
बकरी उठून बाजूला झाली,
अठराव्या पावलाला कुंपण लागलं.
म्हातारी तोंडाला पदर लावून इतकी हसली
की दसरूलाही हसावं लागलं.

हसू ओसरल्यावर म्हणाली,
मेलेला सुखात असला की दगड वाढतो.
हा आधी हिच्या कमरेला होता,
आता खांद्याला लागतो.
(माझ्या मनात आलं, बाई, तुम्ही वाकलात.
ते मी बोललो नाही.)
"तुम्ही तिथं काय करता त्याचं?"
धूळ झाडतो, म्हणालो. शनिवारी.
एवढंसं वाक्य, दसरूला सांगायला फार वेळ लागला.
तो काय काय सांगत होता कोण जाणे,
बिज्जे मान हलवत राहिली,
आणि उठून माझ्या हातावर तिनं
मूठभर वाळलेली मोहफुलं ठेवली.
तुम्हाला नाही, दसरू म्हणाला. त्याला द्यायची.

परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली.
फुलं रुमालात, रुमाल खिशात,
शेजारचा माणूस वास घेऊन
माझ्याकडं संशयानं बघत होता.
अहेरीच्या अलीकडं कंडक्टरनं तिकीट दिलं,
त्यावरची तारीख वाचली.
शनिवार.
ब्रश मी कुणाच्या हातात दिला नव्हता.
दाराआडच्या खिळ्याला अडकवून आलो होतो.